पंचावन्न, पस्तीस, वीस

आमच्या माळ्यावर वडिलांची पत्र्याची ट्रंक अजून आहे. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने त्यांचे नाव आणि त्याखाली ‘उज्जैन’ अशी अक्षरे रंगवलेली आहेत. नाव आता पुसट झाले आहे, गाव मात्र शाबूत आहे. ही ट्रंक, एक होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि शिदोरीचा डबा एवढा सरंजाम घेऊन आमचे कुटुंब दर उन्हाळ्यात पुण्याला आजोळी जात असे. ट्रंक किती मोठी असावी, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनाला शिवला नाही. बाकाखाली सरकली तर उत्तम, न सरकली तर तिच्यावर बसायची सोय. वास्तविक रेल्वेचेही याविषयी नियम आहेत. शयनयानात दर प्रवाशाला ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. ट्रंक किंवा पेटी १०० × ६० × २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावी, आणि वातानुकूलित तीन-टियरच्या डब्यात तर ५५ × ४५ × २२.५ च्या पलीकडे जाऊ नये, असे नियमांत लिहिलेले आहे. पण फलाटावर मोजपट्टी घेऊन उभा असलेला तिकीट तपासनीस मी तरी आजवर पाहिलेला नाही. त्यामुळे आपल्या मंडळींची अशी दृढ समजूत होऊन बसली आहे की, सामान हे मावण्यासाठीच जन्माला आलेले असते. फक्त थोडे दाबावे लागते.

ही समजूत विमानाच्या दारात टिकत नाही. आम्हा उज्जैनकरांचे विमानतळ म्हणजे इंदूरचे, बिजासनच्या टेकडीजवळचे. १९४८ साली तेथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईची विमाने सुरू झाली, तेव्हा त्यांत बसणारी माणसे वेगळी होती. आता मुले पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत आणि त्याहूनही दूर. ती परस्पर तिकीट काढून फोनवर पाठवून देतात आणि आमच्यासारखे पन्नाशी-साठीचे लोक अवंतिका एक्सप्रेसची सवय घेऊन विमानात चढतात. चूक येथेच होते. माझ्या हातून झालेली सांगतो.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मेहुणीच्या मुलीच्या लग्नासाठी आम्ही उभयता इंदूरहून पुण्यास निघालो. बरोबर एक सुरेख निळी बॅग होती. अमेरिकेतील भाच्याने मागील भेटीत ती आम्हांला दिली होती आणि ‘मामा, ही केबिनचीच आहे’ असे निक्षून सांगितले होते. तो खोटे बोलला नव्हता. त्याच्याकडे ती चालत असे. विमानात चढण्याच्या दारापाशी एका मुलीने ती उचलून लोखंडी चौकटीत ठेवली. बॅग आत गेली, पण चाके वरच राहिली. ‘अंकल, ये नीचे जाएगा,’ असे म्हणून तिने मुठीला कागदी पट्टी बांधली, अर्धा तुकडा माझ्या हाती दिला आणि बॅग दृष्टीआड झाली. मागे रांग होती. सौ.ने माझ्याकडे एकदा पाहिले, पण चारचौघांत काही बोलण्याचा तिचा स्वभाव नाही. खुर्चीचा पट्टा बांधून झाल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘अहो, माझी इंजेक्शने त्यातच आहेत.’

तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन प्रकारचे इन्सुलिन घ्यावे लागते, एक जेवणापूर्वीचे व एक रात्रीचे. दोन्ही त्या बॅगेत आणि डॉक्टरांची चिठ्ठीही त्यातच. तासाभराचा तर प्रवास, पुण्यात बॅग मिळेलच, अशी मी तिची समजूत घातली. पुण्यात सामानाचा पट्टा फिरत राहिला, लोकांच्या पेट्या एकेक करून गेल्या आणि शेवटी पट्टाच थांबला. आमची बॅग इंदूरलाच राहिली होती.

पुढचे चार तास मी विसरणार नाही. मंगल कार्यालयात सीमांतपूजन चालले होते आणि आम्ही औषधांच्या दुकानांपुढे उभे होतो. दुकानदार चिठ्ठीवाचून इन्सुलिन देईना, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. नाव सांगावे तर सौ.ला एका पेनाचा रंग आठवे, दुसऱ्याचा आठवेना. आणि झटपट काम करणारे इन्सुलिन व रात्रभर पुरणारे इन्सुलिन यांची अदलाबदल म्हणजे जिवाशी खेळ. उज्जैनला डॉक्टरांचा फोन लागेना. अखेर आमच्या शेजारच्या काकूंची आठवण झाली. तुळशीला पाणी घालण्यासाठी आम्ही घराची किल्ली त्यांच्याकडे ठेवून निघतो. रात्री दहा वाजता त्या माउलीने आमचे घर उघडले, फ्रिजमधल्या शिल्लक खोक्यांची छायाचित्रे काढून पाठवली, आणि वधूपक्षाकडील एका डॉक्टरांनी ती पाहून नवी चिठ्ठी लिहून दिली. साडेअकराला सौ.ने इंजेक्शन घेतले आणि मग दोन घास खाल्ले. बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी आली, धडधाकट.

विमान कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. बॅग मागे ठेवण्याचा दोष तिचा. पण तो प्रसंग ओढवला माझ्या अज्ञानाने. पन्नास वेळा उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मुख्याध्यापकाने एक बॅग तपासून घेतली नव्हती.

घरी परतल्यावर मी ती भिंतीशी उभी केली. शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलांची उंची घेतात ना, तशी: डोक्यावर पुस्तक आडवे धरायचे, भिंतीवर खूण करायची, मग लाकडी मीटरपट्टीने मोजायचे. मी मराठीचा माणूस खरा, परंतु शाळेत गणिताचा तास रिकामा गेला की मुख्याध्यापकालाच घ्यावा लागतो, त्यामुळे आकड्यांचे अगदीच वैर नाही. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या कंपन्यांची मर्यादा २२ × १४ × ९ इंच असते. तिचे सेंटिमीटर केले म्हणजे ५५.८८, ३५.५६ आणि २२.८६ होतात. आपल्याकडे इंडिगो कंपनी ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर सांगते. आता गंमत पाहा. इंडिगोच्या तीन बाजूंची बेरीज ११५ येते. अमेरिकन बॅगेची ११४.३. म्हणजे एकूण गुणांत विद्यार्थी उत्तीर्ण, पण उंची आणि रुंदी या दोन विषयांत नापास! चौकट बेरीज पाहत नाही, ती प्रत्येक विषय स्वतंत्र तपासते. आमच्या बॅगेची तर चाकांसह उंची ५७ भरली.

एअर इंडियाची बेरीजही ११५ च, पण मांडणी निराळी: ५५ × ४० × २०. म्हणून २५ सेंटिमीटर जाडीची बॅग एका कंपनीला चालेल, दुसरीला चालणार नाही. ४० रुंदीची दुसरीला चालेल, पहिलीला नाही. परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी दोन आकडे. जर्मनीची लुफ्तान्झा ५५ × ४० × २३ आणि ८ किलो म्हणते. सिंगापूर एअरलाइन्स नुसती बेरीज ११५ आणि वजन ७ किलो एवढेच सांगते. युरोपात ईझीजेटसारखी स्वस्त कंपनी सर्वांत कमी भाड्यात फक्त ४५ × ३६ × २० ची पिशवी फुकट नेऊ देते. हे आकडे बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी तिकिटावरचा मजकूर वाचावा, हे शिक्षकाच्या सवयीने सांगून ठेवतो. परंतु बॅग काही दर प्रवासाला नवी घ्यायची नसते. म्हणून मी साधी युक्ती केली: प्रत्येक बाजूचा सर्वांत लहान आकडा घेतला. आपल्या देशातील दोन्ही मोठ्या कंपन्यांत बिनतक्रार बसेल अशी बॅग म्हणजे ५५ × ३५ × २०.

हा शोध मला माझाच वाटला होता; पुढे कळले की विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ‘आयाटा’ने, जून २०१५ मध्ये साऱ्या जगासाठी नेमके हेच माप सुचवले होते. अमेरिकेत मोठी ओरड झाली, आहेत त्या बॅगा टाकून द्यायच्या काय, असा सवाल निघाला, आणि थोड्याच दिवसांत संघटनेने माघार घेतली. तेव्हापासून जो तो आपल्या मापाने चालतो. या लहान मापाची किंमत किती? ५५ × ३५ × २५ म्हणजे साधारण ४८ लिटर जागा, ५५ × ३५ × २० म्हणजे साडेअडतीस. साडेनऊ लिटरांचा तोटा. एक शाल, दोन स्वेटर आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेल्या चार वस्तू.

मापापेक्षा वजन अधिक फसवते. सामान्य वर्गात ७ किलो, हा आपल्याकडचा रूढ नियम. त्यात बॅगेचे स्वतःचे वजन धरलेले असते, हे आपण सोयीस्कररीत्या विसरतो. चार चाकांची, कडक कवचाची बॅग सहज अडीच-तीन किलोंची असते. मग उरले चार. चार किलोंत एक माणूस चार दिवस सुखाने राहू शकतो, पण चार दिवसांच्या लग्नाला नवऱ्याकडच्यांसाठी द्यायच्या साड्या त्यात बसत नाहीत. त्या खालच्या सामानात द्याव्यात. घरी वजनकाटा नसेल तर रद्दीवाल्याचा लोंबता काटा उपयोगी पडतो. मी तोच वापरला आणि त्या गृहस्थाला ‘रद्दी नाही, बॅग तोलायची आहे’ हे पटवून देण्यात पाच मिनिटे गेली.

बॅगा किती, याचाही निर्बंध आहे. नागरी उड्डाण सुरक्षा विभागाच्या नियमाप्रमाणे दर प्रवाशाला एकच हातबॅग. बायकांची पर्स, लॅपटॉपची लहान पिशवी, छत्री किंवा काठी, तान्ह्या बाळाचे सामान, वाचायची चार पुस्तके यांना सवलत आहे. आपल्याकडे ‘एक बॅग आणि तीन पिशव्या’ हेच एकवचन मानले जाते, म्हणून हे सांगावे लागते. इंडिगो पर्स किंवा लॅपटॉपच्या पिशवीलाही ३ किलोंची मर्यादा घालते.

एवढी तयारी करून मी फ्रीगंजातील एका दुकानात गेलो. दुकानदाराने ‘केबिन साइज’ म्हणून सात बॅगा पुढे मांडल्या. मी खिशातून शिंप्याची टेप काढली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, परीक्षेत निरीक्षकाने खिसे तपासू लागावे तसा भाव उमटला. सातांपैकी तीन मापात बसल्या. लेबलावरील आकडा कधी नुसत्या पेटीचा असतो, कधी चाकांसह. ते लेबलावर नेहमीच स्पष्ट लिहिलेले नसते. विमानवाले मात्र चाके, मूठ आणि बाहेरचे कप्पे सगळे धरून मोजतात. कडक कवचाची बॅग चौकटीत मुळीच नमते घेत नाही. कापडी बॅग थोडी दबते, पण तिच्या पुढच्या कप्प्यात वर्तमानपत्र, चष्म्याचे घर आणि चिवड्याची पुडी कोंबली की वीसची जाडी चोवीस होते. काही बॅगांना एक जादा चेन असते; ती उघडली की बॅगेचे पोट चार-पाच सेंटिमीटर सुटते. जाताना बंद असलेली ही चेन येताना हमखास उघडते, कारण आहेर येताना मिळतो. ज्यांचा स्वतःवर ताबा नाही त्यांनी अशी बॅग घेऊच नये. आम्ही घेतली नाही.

चाके असावीत की नसावीत, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. बिनचाकी कापडी बॅग किलोभराची. म्हणजे सामानाला पूर्ण सहा किलो. पण ती खांद्याला लावून विमानतळाचे ते लांबलचक दालन कोण चालणार? चाकांचा इतिहासही मोठा नवलाचा आहे. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली, आणि बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थाला सुटकेसला चाके लावण्याचे सुचले त्याच्या दुसऱ्या वर्षी. १९७२ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याची पेटी पट्ट्याने ओढायची होती. उभी धरून दोन चाकांवर, लांब मुठीने ओढायची बॅग काढली रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने, १९८७ च्या सुमारास. गुडघ्यांचा विचार करता मी प्लॅथच्या बाजूने मत दिले. दोन चाकांची बॅग घेतली. तिची चाके पेटीच्या अंगात दडलेली असल्याने उंचीची मापे खातात कमी. पत्नीचे मत चार चाकांकडे होते, कारण ती ढकलायला हलकी. तिचेही खोटे नाही.

बॅगेवर ठिकाण पाहिले तर नाशिक जिल्हा. व्ही.आय.पी. कंपनीचे कारखाने तिकडे आहेत आणि अमेरिकन सॅमसोनाइटचाही कारखाना नाशिकजवळच आहे. उज्जैन आणि नाशिक यांचे सिंहस्थाचे नाते आपण जाणतोच. साधूंच्या झोळ्यांपासून चाकांच्या बॅगांपर्यंत ते पोहोचेल असे वाटले नव्हते.

आता आत काय भरायचे. आपल्या घरांतून मुलांकडे जाणारी बॅग म्हणजे निम्मा कोठीघराचा ऐवज, म्हणून थोडे सांगतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातही चालत नाहीत आणि खालच्या सामानातही नाहीत. खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकते, हे कारण. (शबरीमलेच्या यात्रेकरूंना २०२४-२५ च्या हंगामात नारळ जवळ नेण्याची मुभा दिली होती, ती २० जानेवारी २०२५ पर्यंतच होती.) मिरचीचे लोणचे जवळ नेता येत नाही. परदेशच्या विमानात तूप, काकवी, गुलकंद हे सर्व ‘द्रव’ समजले जातात, आणि १०० मिलिलिटरहून मोठी बरणी सुरक्षा तपासणीतच राहते. साजूक तुपाची बरणी त्या निळ्या टोपल्यात पडताना पाहणाऱ्या आईचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्याला हा नियम पुन्हा सांगावा लागत नाही. उलट फोन चार्ज करण्याची पॉवर बँक खालच्या सामानात मुळीच ठेवायची नाही, ती जवळच ठेवायची. मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू यांना कोणाची हरकत नाही. मात्र लाडू वजनदार असतात.

आणि औषधे. इन्सुलिन गोठले की निकामी होते, विमानाच्या पोटात थंडी किती असेल याचा भरवसा नाही, म्हणून ते कधीही खाली द्यायचे नाही, हे आमच्या डॉक्टरांनी मागाहून सांगितले. आधी आम्ही विचारलेच नव्हते. चिठ्ठीच्या दोन प्रती हव्यात, एक औषधाबरोबर आणि एक खिशात. सौ.ने जुन्या महेश्वरी साडीच्या काठाचा एक बटवा शिवला. त्यात दोन्ही पेने, सुया, चिठ्ठी, साखरेच्या चार पुड्या आणि चष्मा. बटव्याला लांब बंद आहे. तो बॅगेच्या अगदी वर, चेनीलगत ठेवायचा, म्हणजे क्षणात निघतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा इंदूरहून पुण्यास गेलो. नवी बॅग ५४ × ३५ × २०, भरून सहा किलो नऊशे ग्रॅम. दारापाशी तीच चौकट होती. बॅग तिच्यात अलगद उतरली आणि मी आजूबाजूला जरा अभिमानाने पाहिले. तेवढ्यात एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, विमान पूर्ण भरले आहे, वरचे कप्पे संपले, शेवटच्या वीस प्रवाशांच्या बॅगा खालीच जातील. त्यात आम्ही होतो. १८० माणसांच्या विमानात १८० बॅगांना जागा नसते, हे गणित मात्र मी केले नव्हते. मी मापाविषयी काही बोलू लागणार, तोच सौ.ने चेन उघडली, बटवा काढून गळ्यात घातला आणि बॅग त्याच्या हवाली केली. पुण्यात पट्ट्यावर ती सर्वांच्या आधी आली.